सातव्या सर्गातले ‘पण’

ताईला आता प्रुफांचा वीट आला होता. एका जुन्या महाकाव्याची शुद्ध प्रत तयार करण्यात तिची एकतीस वर्षं गेली, डोळे गेले, मान गेली. सोमवारी ते एकदाचं छापायला गेलं की ती सुटणार होती. त्यातच धाकटा भाऊ आला. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला, आणि असा रिकामा माणूस काय मोजत बसेल याचा नेम नसतो. यानं महाकवीचे शब्द मोजले होते.

प्रुफं सारून त्यानं टेबलावर तक्ता पसरला. कवी ‘पण’ फार जपून वापरतो, शंभर ओळींत चार-पाचदा, असं तो समजावू लागला. बाकीच्या दहाही सर्गांत हेच प्रमाण. सातव्यात मात्र मधेच एका ठिकाणी ओळीआड ‘पण’. तेवढा तुकडा दुसऱ्या कुणाचा तरी होता.

ताईनं प्रुफं पुन्हा जवळ ओढली. सातव्या सर्गाचं एकच हस्तलिखित होतं. तरुणपणी तिनं ते उतरवून घेतलं, पुढे ते ओलीनं कुजून गेलं. उतरवतानाच मधली दोन पानं वाळवीनं खाल्लेली होती. ही भर आपली, असं दाखवायला नंतर कंस घालू, असं म्हणत तिनं ती जागा स्वतःच ओळी रचून भरली. मग तो सर्ग आधीच एका मासिकात छापून आला, त्याच ओळी अभ्यासकांनी डोक्यावर घेतल्या, पोरांनी पाठ केल्या, आणि कंस घालणं तिच्याच्यानं झालं नाही.

“मग कुणाचा आहे म्हणतोस?” तिनं विचारलं.

भावानं चष्मा काढून पुसला. ताईनं त्याला धाडलेल्या पत्रांतले ‘पण’ही त्यानं मोजले होते; तिथंही ते ओळीआड होते. “मी कुणाला बोलणार नाही, ताई,” तो म्हणाला. “तुझ्यापाशी मात्र गप्प बसवेना.”

ताईला राग यायला हवा होता. तेवढंही त्राण उरलं नव्हतं. एवढी वर्षं हे एकटीनं वागवून ती थकली होती, हेच खरं.

“किती ओळी निघाल्या?”

“एकोणचाळीस.”

“बेचाळीस आहेत,” म्हणत तिनं पेन्सिल उचलली.

त्यानं चमकून तक्ता पाहिला. शेवटच्या तीन ओळींत एकही ‘पण’ नव्हता. आकड्यांना त्या कवीच्याच वाटल्या होत्या. ताईला, लाज वाटावी इतका, आनंद झाला. तिनं प्रुफावर कंस उघडला. एकोणचाळिसाव्या ओळीपाशी हात अडला, बराच वेळ अडला. मग तीन ओळी खाली जाऊन तिनं कंस पुरा केला.