रविवारी नऊ ते बारा

माझा नवरा वर्लिन म्हणजे सुंभ जळला तरी पीळ न गेलेला माणूस. दारू पिऊन गाडी शेजाऱ्याच्या भोपळ्यांच्या मळ्यात घातली, लायसन्स गेलं, दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाची देखरेख लागली, पण ऐट तसूभर उतरली नाही. अकरा महिने मीच त्याला कारखान्यात पोचवलं. बावीस मैल, बस नाही, पाळी सहाची. म्हणजे हिवाळ्यात रोज पाचला मी काचेवरचं बर्फ खरवडणार, आणि हा बाजूच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन मला शिकवणार, की ट्वायला, तू ब्रेक उशिरा मारतेस. शिकवतोय कोण, तर भोपळेवाला!

सप्टेंबरात न्यायाधीशबाईंनी गाडी चालवायची अर्धीमुर्धी परवानगी दिली. कामावर जायला-यायला, डॉक्टरकडे, आणि रविवारी नऊ ते बारा चर्चला. त्याच्या गाडीला पिवळी नंबराची पाटी लागली, लाल आकड्यांची, पिऊन चालवणाऱ्यांना देतात ती, म्हणजे शेंबड्या पोरालाही कळावं आत कोण बसलंय. आत एक नळी बसवली, तिच्यात फुंकून श्वास स्वच्छ निघाला तरच इंजिन सुरू. ठरल्या वेळेबाहेर सापडला तर परवानगी रद्द, असं कागदावर ठळक छापलं होतं. वर्लिनने तो कागद नुसता घडी करून खिशात घातला. मी तीनदा वाचला. ती परवानगी त्याच्यापेक्षा मला हवी होती. मला सातपर्यंत झोपायचं होतं, बस.

आमच्या चर्चमध्ये कुणीही उठून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. पुढच्याच रविवारी हा उठला. न्यायाधीशबाईंचे आभार मानले, प्रोबेशनवालीचे, पास्टर होबार्टचे, येशूचे, एवढंच काय, नळी बसवणाऱ्या मेकॅनिकचेही. मी तिसऱ्या बाकावर, मांडीवर सगळ्यांच्या जेवणासाठी केलेल्या बटाट्यांचं भांडं. माझं नाव काही आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी आमच्याकडे सरकारी नियमाने हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात. घरातली सगळी मीच फिरवते, एकोणीस वर्षं. शनिवारी संध्याकाळी फिरवली. फक्त वर्लिनच्या मनगटावरचं राहिलं. ते त्याच्या बापाचं, चावीचं. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही आणि दुसऱ्या कुठल्या घड्याळाकडे बघणं ह्याच्या शानीत बसत नाही.

रविवारी मी नाश्त्याच्या गरम बिस्किटांवर ओतायची ग्रेव्ही ढवळत होते. हा केस चापून बसवून, किल्ली बोटावर फिरवत आला. शेगडीवरच्या घड्याळात आठ, ह्याच्या मनगटावर नऊ. मी म्हटलं, "वर्लिन, अरे थांब, ते..."

"तू ये मागून तुझ्या गाडीने," तो म्हणाला. "आता मला पोचवायला कुणी लागत नाही."

मग मी मूग गिळून गप्प बसले. जा म्हटलं मनात, दाखव तुझी मर्दुमकी. खिडकीतून पाहिलं. ह्याने नळीत फुंकलं, गाडी सुरू झाली, आणि पिवळी पाटी पत्रपेटीपाशी वळून गेली.

आठ वाजून दहा मिनिटांनी शेरिफच्या पोलिसाने पिवळी पाटी बघून चौकात अडवलं. न्यायाधीशबाईंनी घड्याळाची कथा शांतपणे ऐकून घेतली आणि परवानगी काढून घेतली. तुरुंगात धाडलं नाही हेच नशीब.

तुला माहीत होतं का, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही. बायकोवर संशय घ्यायचीसुद्धा अक्कल नाही ह्याला, असं मी मनात म्हटलं. पण पायावर धोंडा पाडून घेतला होता तो मीच. पुन्हा पाच, पुन्हा बर्फ, पुन्हा बावीस मैल. फक्त आता तो ब्रेकबद्दल काही बोलत नव्हता.

गेल्या रविवारी तो परत उठला. मी म्हटलं, झालं, आता कुणाकुणाचे आभार! त्याने टोपी चुरगाळून हातात धरली होती.

"माझ्या बायकोचं नाव मी इथे कधी घेतलं नाही," तो म्हणाला. "ट्वायला माझ्यासाठी रोज पाचला उठते. त्या रविवारीही ती काहीतरी सांगत होती. मीच ऐकलं नाही."

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. पास्टरच्या बायकोने माझा हात दाबला. उठून खरं सांगायची सोय तिथे सगळ्यांना आहे. मी तोंड उघडलं. मग मांडीवरचं भांडं घट्ट धरलं आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाले.