भिंतीलगतचं कुटार

अर्जुनरावानं सोयाबीनचं कुटार, बैलांच्या वैरणीचा भुसा, यंदाही काजलच्याच भिंतीला लावलं. अमडापुरात जागेचा काय दुष्काळ पडला होता? पण थोरला दीर, त्यात अंगण सामाईक. त्याला बोलणार कोण! वारा सुटला की भुसा खिडकीतून थेट पाच वर्षांच्या वैष्णवीच्या अंथरुणावर. पोरीला इसब. रक्त येईस्तोवर खाजवायची.

"दादा, डॉक्टरनं धुळीपासून जपाले सांगतलं. ढीग तिकडे हलवा ना," काजल पदर सावरत म्हणाली.

"आमी काय कुटारात वाढलो नाही? सारे नखरे हायेत हे," अर्जुनराव हसला. "तुही पोरगी नाजूक, म्हून माह्या बैलाईनं उपाशी राहाव काय?"

ते हसणं तिच्या काळजात रुतलं. बरं, आता तुझ्या बैलांकडेच बघते, असं तिनं मनाशी ठरवलं.

घरात ती झाडू मारत नसे. धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्यानं पुसायची. गोधड्या कडक उन्हात टाकायची, आंघोळ होताच पोरीच्या ओलसर अंगाला मलम लावायची. फक्त पुसल्याचं पाणी आता मोरीत जाईना. रोज एक बादली ढिगामागे, भिंतीच्या कडेनं. अर्जुनराव पुढून कुटार उपसे, मागं ते सडत होतं. बादली उपडी करताना तिला काय गार वाटायचं! खा म्हणावं आता.

शिवाय ओलीनं भुसा उडणंही कमी झालं. वैष्णवी शांत झोपू लागली.

मग पोरीचं अंग पुन्हा पेटलं, पहिल्यापेक्षा वाईट. मान, पापण्यासुद्धा. चिखलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठं ओल, बुरशी?" काजलनं घरी येऊन अंथरूण सरकवलं. भिंत हातभर काळी पडली होती, आणि वैष्णवी तिलाच नाक लावून झोपायची. काजलनं अंथरूण ओढून समोरच्या भिंतीला नेलं.

डॉक्टरांचं बोलणं अर्जुनरावाच्या कानी गेलं. त्यानं ढीग उपसायला घेतला, तर आतून काळं, कुबट कुटार निघालं. तो तसाच दारात आला. पोरीकडं बघून उंबऱ्यावरच बसला.

"चुकलो, काजल. तू सांगत होती, म्याच आयकलं नाही. माह्या कुटारानं लेकराचे हाल केले." थोरला दीर तिच्यापुढं हात जोडून रडत होता.

हेच तर तिला हवं होतं. तिनं डोळे भरून पाहून घेतलं. मांडीवर वैष्णवी खाजवायला धडपडत होती. काजलनं तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

"मंग? सांगत होती ना मी," ती म्हणाली.