मनोऱ्यातला जिन आणि ताबिबाचे बूट

झाडपाल्याची औषधं आणि मंत्र देणाऱ्या नारझुल्ला ताबिबाने काचेची नळी डोक्यावर धरली तेव्हा आमच्या तेल कारखान्याच्या अंगणात दोनशे माणसं माना वर करून उभी होती. फरगान्यात एवढी गर्दी मी फक्त लग्नाच्या पुलावाला पाहिली आहे, आणि तिथे निदान पोट तरी भरतं.

नळी मनगटाएवढी जाड, हातभर लांब. आत वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या ठासलेल्या. ताबिबाने वरून डाळिंबाचा रस ओतला. रस एका कडेने सापासारखा सरसर उतरून गेला. बाकीच्या गोळ्या ठणठणीत कोरड्या.

"पाहिलंत? जिनाने तोंड मिटलंय," ताबिब म्हणाला. "तुमच्या मनोऱ्यातही हाच बसलाय."

मग नळीवर त्याने आपला मखमली झगा पांघरला, हात आत घातले आणि सात पिढ्यांच्या जिनांना नावानिशी हाका मारल्या. दोन किटल्या चहा व्हावा इतका वेळ. झगा काढून पुन्हा रस ओतला, तर या वेळी एकूण एक गोळी लालबुंद. म्हातारा फिटर एर्गाश ढसाढसा रडला. तो गाढव हरवलं तरी रडतो, ते सोडा.

मी सनोबर. याच कारखान्याच्या खानावळीत एकतीस वर्षं पुलाव करते. शाळा चार इयत्ता, पण डोळे शाबूत आहेत. आमच्या मनोऱ्यात असल्याच गोळ्या गच्च भरलेल्या. डिझेल वरून त्यांच्यावर झिरपतं आणि ओल्या गोळ्या त्यातला घाण गंधक काढून घेतात. गोळी कोरडी राहिली तर काम शून्य. दुरुस्तीनंतर मनोरा सुरू केला, तेव्हापासून खाली येणारं तेल सडक्या अंड्यासारखं घाण मारत होतं.

ताबिबाचा निकाल असा: बाई मनोऱ्यावर चढली म्हणून जिन रुसला. उपाय म्हणजे एक पांढरा मेंढा, आणि ती बाई कारखान्यातून कायमची बाहेर.

ती बाई म्हणजे माझी सून मावजुदा, पाळीची इंजिनियर. साहेब तुल्किन-आका शुक्रवारी तिला काढण्याच्या कागदावर सही करणार होते. आता माझ्या सुनेला नावं ठेवायचा हक्क या जगात एकाच बाईला आहे, आणि तो मी कुणाला उसना देत नाही.

घरी तिला विचारलं, "काय केलंस गं मनोऱ्याला?"

"मी काही केलं नाही आयी, करू दिलं नाही. आधी मनोरा तेलाने काठोकाठ भरून गोळ्या मुरवायच्या, मग निथळून धार सुरू करायची. तुल्किन-आका म्हणाले, अर्धा दिवस फुकट जातो, कोरड्यावरच सोडा."

"आणि कोरड्यावर सोडलं की?"

"तेल एकदा जी वाट धरतं तिनेच जात राहतं. शेजारची गोळी कोरडी ती कोरडीच."

"म्हणजे आपल्या गल्लीतल्या बायका. पहिल्या दिवशी ज्या ओट्यावर बसल्या, जन्मभर तिथेच." मी कपाळाला हात लावला. "अगं, मी तांदूळ भिजवल्याशिवाय कढईत टाकत नाही. वरून पाणी घालते तेही झाऱ्यावरून, नाहीतर एकाच जागी खड्डा पडतो. एवढ्यासाठी पाच वर्षं ताश्कंदला शिकलीस?"

"हो आयी," ती म्हणाली. उलट उत्तर देत नाही, हाच तिचा मोठा दोष.

मग ताबिबाने झग्याखाली गोळ्या भिजवल्या, हे उघड होतं. पण भिजवल्या कशाने, आणि ते पाणी गेलं कुठे? तेव्हा मला आठवलं, खेळ संपल्यावर तो खानावळीत जेवायला आला होता. ऑगस्ट महिना, आभाळात चिमणीएवढा ढग नाही, आणि ताबिबाचा डावा बूट छप्प छप्प वाजत होता.

शुक्रवारी मी खानावळीत जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, मांडला, गाद्या घातल्या, आणि ताबिबाला तिथेच चमत्कार करायला बोलावलं. सही करायला तुल्किन-आका आले. सगळ्यांनी दारात जोडे काढले. ताबिब बुटासकट उभा.

"माझ्या पायांना चाळीस दिवसांचं व्रत आहे," तो म्हणाला.

"आणि माझ्या दस्तरखानाला चाळीस पिढ्यांचं," मी म्हणाले. "भाकरी मांडलेल्या जागी बूट घालून तर आमचा बोकडही येत नाही."

यावर लोकच चिडले. भाकरीचा अपमान आमच्याकडे जिनही करत नाहीत. एर्गाशने ताबिबाला खाली बसवून डावा बूट ओढला. बुटातून एका रबरी नळीचं टोक निघालं. ती विजारीतून ओढता ओढता काखेतून पाण्याने भरलेली पिशवी बाहेर आली आणि किटलीभर पाणी सांडलं. काख दाबली की काचेच्या नळीत खालून पाणी चढायचं आणि गोळ्या बुडायच्या. मग तेच पाणी निथळून बुटात.

"हा जिनाचा घाम आहे," ताबिब म्हणाला.

"मग पिऊन दाखव," एर्गाश म्हणाला.

मी प्रयोगशाळेतून तशाच गोळ्या ठासलेल्या काचेच्या नळ्या मागवून ठेवल्या होत्या, त्यातली एक कोरडी घेतली. पाण्याने भरली, मुरू दिली, निथळली. वेळ जावा म्हणून माझ्या सातही नणंदांची नावं मोठ्याने घेतली. मग झाऱ्यावरून रस ओतला, आणि गोळी न् गोळी लाल झाली.

आता लोक शहाणे होतील असं मला वाटलं. एर्गाश पुढे आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "सनोबर आपा, नणंदांची नावं जरा कागदावर लिहून द्याल? माझ्या सुनेच्या पाळण्याला बांधतो."

खरं सांगते, मला हातातला झारा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. घातला नाही. तिसरी नळी घेतली, तोंडात भाकरीचा मोठा तुकडा कोंबला आणि एक अक्षर न बोलता तेच सगळं पुन्हा केलं. गोळ्या तशाच लाल झाल्या. मग चौथी नळी न भिजवता घेतली, नणंदांची नावं दोनदा म्हटली आणि रस ओतला. तो कडेने सरळ खाली.

शेवटी तुल्किन-आकांनी कागद खिशात घातला आणि मावजुदाकडे न बघता म्हणाले, "अर्धा दिवसच लागतो ना?"

"अर्धा दिवस," ती म्हणाली.

शनिवारी तिने मनोरा थांबवला, काठोकाठ भरला, मुरवला, निथळला. रविवारी संध्याकाळी प्रयोगशाळेच्या पोरींनी बाटलीतल्या तेलाचा वास घेतला आणि कुणीच नाक मुरडलं नाही.

माझं शिक्षण थोडं, म्हणून सांगणंही थोडंच. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या पायाही पडू नका आणि त्याला लगेच मारायलाही धावू नका. त्याला म्हणा, बाबा, मंत्र वगळून हेच पुन्हा कर. झालं, तर मंत्र फुकटचा होता. नाही झालं, तर मंत्रासोबत आणखी काय वगळलं ते शोधा. आणि दोष बाईच्या पायाला लावण्याआधी, काम नीट केलं होतं का, एवढं एकदा विचारा. विचारायला पदवी लागत नाही.