पांढरी रेघ

भोयर सरांनी आलेखाचा कागद प्रणालीकडे सरकवला.

"दोन अंश मागं सरकव अन् उद्या सहीले आण."

"नाही सरकवणार, सर."

वाडीपुढच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सरांना कोणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. उमरेडच्या विणकराची ही पोरगी मात्र एम.टेक.च्या रिपोर्टवरची सही पणाला लावून उभी होती.

कागदावर डिझेल इंजिनातल्या दाबाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दाब बदलण्याचा वेग, होतं. डिझेल न देता इंजिन नुसतं मोटरने फिरवलं, की पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी दाब शिखर गाठतो, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य होतं. प्रणालीच्या आलेखात ते शून्य माथ्यानंतर येत होतं. असं कधी होत नाही. म्हणजे माथा दाखवणारी खूणच चुकलेली होती.

ती खूण म्हणजे फ्लायव्हीलवरची, इंजिनाच्या जड चाकावरची, पांढरी रेघ. दर खंडेनवमीला इंजिन धुऊन, हळदकुंकू वाहून झालं की सर स्वतः ब्रशने ती नव्याने ओढत, आणि वर्षभर सेन्सर तिच्याच भरवशावर लागे. दर वर्षी ती केसभर सरकत गेली असावी. सरांची रेघ मोजायला जातो कोण!

"माझा सरकवला तर तुमचेबी आलेख सरकवा लागतील, सर. तुमचं इंटिग्रेशन याच खुणेवरून आहे. इंजिनाचं काम फुगून आलं त्यात. करंजाच्या तेलावर इंजिन चालवायचं तुमचं सगळं संशोधनच."

"काहून जिद्द करून राहिली वं? सही पाहिजे का नाही तुले?"

"पाहिजे."

प्रणाली इंजिनापाशी गेली. तिने फडकं डिझेलमध्ये बुडवलं आणि ती फ्लायव्हील घासायला बसली.

"हात नको लावू त्याले!"

ती घासत राहिली. रंगाचे पापुद्रे निघाले. पांढऱ्या रेघेपासून बोटभरही नाही एवढ्या अंतरावर, कारखान्यातच लोखंडात कोरलेली बारीक रेघ उघडी पडली.

सर शेजारी उकिडवे बसले. मग त्यांनी त्या कोरीव रेघेवर अंगठा ठेवला.

"आलेख जसा आहे तसा राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता सही करतो. खुणेचं तेवढं लिहू नको."

रिपोर्ट टेबलावरच होता, पेन सरांच्या खिशाला. प्रणालीने फडक्याचा कोरडा कोपरा शोधला.

"अंगठा काढा, सर," ती म्हणाली. "सेन्सर या रेघेवर लावायचा आहे."