भरदिवसाचे दिवे

मोतीरामने गाडीला दिवे लावले आणि अमरावतीच्या भाजीबाजाराला हसायला विषय मिळाला. सकाळी दहाला, डोक्यावर लख्ख ऊन असताना, खुशालरावांची पिकअप बाजारात शिरायची ती बंपरवर दोन पिवळे दिवे पेटवून. "ऊन कमी पडून राहिलं काय रे?" हमाल विचारायचे. ओठावर आलेली शिवी गिळून मोतीराम वांग्यांची पोती उतरवू लागायचा.

हसणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. गेल्या पौषात भातकुलीच्या कच्च्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. चाकांनी उडवलेला फुफाटा माणसाच्या डोक्यावर गेला होता, आणि त्यात ही मातकट रंगाची पिकअप घेऊन मोतीराम निघाला होता. वेचणीहून परतणारी एक बाई बंडीआडून रस्ता ओलांडायला आली. ती त्याचीच बायको होती, चतुराबाई. गाडीची धडक बसून तिच्या मांडीचं हाड मोडलं, आणि प्लास्टर निघाल्यावरही पाय आखूडच राहिला. "मले गाडी दिसलीच नाई," एवढंच ती म्हणाली. नवऱ्याला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मालक मात्र बोलले होते. "बाई आंधळी होती काय?" हे खुशालरावांचे शब्द मोतीरामने वर्षभर पोटात ठेवले होते.

यंदा बंड्या सुरू व्हायच्या आत तो अकोल्याला गेला आणि भंगारातून दोन दिवे घेऊन आला. फौजेत गाड्या चालवलेला माणूस, तारा त्याने स्वतःच ओढल्या, त्याही थेट किल्लीपासून. गाडी सुरू की दिवे सुरू. विसरायला जागाच ठेवली नाही.

पंधरा दिवसांनी खुशालराव हातात पकड घेऊनच गाडीजवळ आले. माणूस वाईट नव्हता, पण लोकांच्या बोलण्याला फार भ्यायचा.

"काढ ते दिवे."

"काहून?"

"डोमाजी अडत्यानं भर बाजारात इचारलं, दिवाळं निघालं काय म्हणून. जुन्या काळी सावकार बुडाला की भरदिवसा दुकानात दिवा लावे. तू त माह्या गाडीवर लावून गावभर फिरवून राहिला. पोरीची सोयरीक चालू हाय माह्या."

"माह्या बायकोचा पाय गेला मालक, अन् तुमाले डोमाजीच्या तोंडाची पडली?"

खुशालरावांनी वाकून दोन्ही तारा कचाकच तोडल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चाल आता."

ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि या माणसाचं कधी काही जळलंच नव्हतं. मोतीरामने गाडी काढली. चतुराबाई पडली त्या वळणाशी बंड्यांची रांग लागलीच होती. तिथे त्याने ब्रेक दाबला.

"उतरा. त्या बंडीमागं उभे राहा. मी मागं जाऊन येतो. गाडी दिसली की बाजूले व्हा. तुमी त आंधळे नाई."

मालकालाही ताठा होता. ते धोतर सावरत उतरले.

मोतीराम गाडी बरीच मागे घेऊन गेला आणि मग वेगाने पुढे आला. समोर धुळीशिवाय काही नव्हतं. मग एकदम पांढरं धोतर दिसलं. खुशालराव भलतीकडेच बघत होते. घुंगरांच्या आणि चाकांच्या आवाजात त्यांना इंजिन ऐकूही येत नव्हतं. मोतीरामचा पाय ब्रेकवर होता, पण तो दाबेना. वर्षभराचा सगळा राग त्या पायात येऊन बसला होता. मग त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी वीतभर अंतरावर थांबली.

खुशालराव धुळीत खाली बसले. मोतीराम उतरून त्यांच्याजवळ आला. बंड्या पुढे निघून गेल्या, धूळ खाली बसली.

"तारा जोड," शेवटी खुशालराव म्हणाले.

मोतीराम बंपरपाशी उकिडवा बसला. जिंकल्याचं सुख काही त्याला वाटेना. त्याने तारेचं एक टोक धरलं.

"मालक," तो मान न उचलता म्हणाला, "म्या ब्रेक उशिरा दाबला. तुमी दिसले होते मले."

खुशालराव शेजारी बसले आणि त्यांनी तारेचं दुसरं टोक धरलं.

"दिवे राहतील," ते म्हणाले. "डोमाजीले काय सांगायचं ते मी सांगीन. पण उद्यापासून मी दुसरा ड्रायव्हर पाहतो."

मोतीरामने मान डोलावली आणि तारेला पीळ दिला.