जवल्याचा वास

वैशालीने मोबाइलवर एका मिनिटाचा टायमर लावला आणि टॉवेलात गुंडाळलेल्या पिल्लाचे श्वास मोजले. अठ्ठावन्न. सकाळी बावन्न होते. मुठीएवढा जीव, पण छातीचा भाता असा चाललेला की बघणाऱ्यालाच धाप लागावी. नाक शेंबडाने बुजलेलं, तोंड उघडं, आणि प्रत्येक श्वासाला बारीक घरघर.

तीन दिवसांपूर्वी बाळकुमच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते तिला स्कूटरच्या चाकामागे सापडलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, वाफ द्यायला सांगितलं. आज सकाळी मात्र ते स्पष्टच बोलले. "मांजर वास घेतल्याशिवाय खात नाही. नाक बंद, म्हणजे भूक बंद. आणि अशी धाप लागलेली असताना जबरदस्तीने भरवू नका, छातीत जाईल. संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं तर आशा आहे."

चिकनचं पाणी झालं, डब्यातलं महागडं खाणं कोमट करून झालं. पिल्लू नाक लावायचं आणि मान फिरवायचं. पाच वाजले तसा वैशालीचा धीर सुटला. तिने कोपरला राहणाऱ्या आईला, जनाबाईला, फोन लावला. जनाबाईने जन्मभर मासळी विकलेली; तिच्या टोपलीभोवती मांजरांच्या चार पिढ्या पोसल्या गेल्या होत्या.

"आगो, मंग जवला भाज ना!" जनाबाई म्हणाली. "त्या वासानं मेलेला मांजर पन उठंल. दिवालीला दिलेला डबा हाय ना?"

जवल्याचा, त्या बारीक सुकवलेल्या कोळंबीचा, डबा होता. तीन पिशव्यांत बांधून, माळ्यावर, गाद्यांच्या मागे. कारण घर भाड्याचं, आणि मालकीण हेमालीबेन समोरच्याच दारात. घर देताना त्यांनी हसत विचारलं होतं, "मच्छी वगैरे नाही ना?" आणि कोळ्याच्या पोटची ही पोर बेधडक म्हणाली होती, "छे हो, आम्ही खातच नाही." इतकं धडधडीत खोटं! दोन वर्षं तिने ते निभावलं. मासळी खायची ती माहेरी, आणि निघताना हात लिंबाने घासायचे. आईसमोर तसे हात घासताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती स्टूल ओढू लागली तसा तिचा नवरा सिद्धेश पुढे आला. "वेडी झालीस काय? मंगळवारी ॲग्रीमेंट रिन्यू करायचंय. अख्ख्या मजल्यावर वास जाईल!"

"जाऊ दे."

"घर जाईल, वैशाली! एका मांजरासाठी?"

तेवढ्यात घरघर थांबली. दोघंही गर्रकन वळले. पिल्लाने तोंड वासलं, पोट आत ओढलं, आणि मग कुठे पुढचा श्वास आला. सिद्धेश स्टूल धरून उभा राहिला.

धूर होऊ नये म्हणून तिने गॅस अगदी मंद ठेवला. जवला तापला आणि वास सुटला. हा वास दाराशी थांबून परवानगी मागणारा नव्हेच. सिद्धेशचा हात सवयीने एक्झॉस्टच्या बटणाकडे गेला.

"नको," ती म्हणाली. "वास घरात हवाय."

चिमूटभर जवला चुरून तिने कोमट खाण्यात कालवला आणि बोट पिल्लाच्या नाकापाशी धरलं. पिल्लू ढिम्म. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खा रे बाबा, खा.

बेल वाजली. "वैशालीबेन? वास कसला येतोय?"

पिल्लू शिंकलं. नाकातून एक चिकट बुडबुडा फुटला. नाकपुडी हलली, पुन्हा हलली, आणि खरखरीत जीभ तिच्या बोटावरून फिरली.

बेल पुन्हा वाजली. सिद्धेश कुजबुजला, "खालच्या मजल्यावरून येतोय म्हणून सांगू?"

तिने बशी खाली ठेवली. पिल्लाने थरथरत त्यात तोंड घातलं.

"नको. उघड दार."

हेमालीबेन नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या.

"आमच्याकडेच जवला भाजलाय," वैशाली बशीजवळून न उठता म्हणाली. "आम्ही कोळी आहोत, तेव्हा मी खोटं बोलले. घराचं काय ते सांगा, पण पाच मिनिटं थांबा. ते जेवतंय."