पुतळ्याला न लावलेला हात

मी एक जुना हात आहे. दचकू नका मित्रांनो, प्लास्टरचा आहे. मूर्तिकाराच्या कारखान्यात, वरच्या फळीवर, छिन्न्यांच्या डब्याशेजारी मी पडून असतो.

ज्यांच्या हातावरून मी घडलो, त्या साहेबांनी निवडून आल्यावर गावात मोठा दवाखाना उभा केला. त्याच्या दारात त्यांचा पुतळा बसवायचं ठरलं. साचा घेताना मूर्तिकारांनी बजावलं, "साहेब, तळवा उघडा ठेवा. हलायचं नाही." ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. त्या उबेत साहेबांना डुलकी लागली आणि बोटं आपोआप आवळली. म्हणून मी असा जन्मलो, रिकामाच, पण काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

हात पसंत करायला साहेबांच्या पत्नी आल्या. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग बाही वर सारली आणि आपलं मनगट माझ्या बोटांत ठेवलं. त्यावर चार निळे डाग होते, खाली अंगठ्याचा एक. माझं एकेक बोट आपापल्या डागावर जाऊन बसलं. मला फार भीती वाटली, माझीच.

"हुबेहूब आलाय. बदलू नका, दादा," त्या म्हणाल्या.

मूर्तिकारांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, माझी पोर त्यांच्याच दवाखान्यात वाचली हो."

"वाचली ना? बरं झालं. माझा मोडलेला हातही तिथंच जोडला."

दोन दिवस मूर्तिकारांना अन्न गोड लागेना. 'घरातलं घरात, आपल्याला काय करायचंय?' असं ते पुटपुटत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचाच उजवा हात साच्यासाठी दिला, तळवा उघडा ठेवून.

अनावरणाला लोक म्हणाले, "हात बघा, किती मायेचा!" वहिनींनी मात्र पुतळ्याच्या अंगठ्यावरचा छिन्नीचा व्रण पाहिला, मग मूर्तिकारांच्या अंगठ्यावरचा.

"तुमचा हात दिलात होय त्यांना," एवढंच त्या बोलल्या. मूर्तिकारांनी आपला अंगठा मुठीत लपवला.

साहेब पुढे तीनदा निवडून आले. वहिनी पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. मूर्तिकार आता लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायला जातात, तेव्हा त्यांची बोटं आपोआप आवळू लागतात. ते घाबरून हात मागे घेतात.

मित्रांनो, मला फोडू नका. अधूनमधून पुसत जा. धूळ माझ्यावर सगळीकडे बसते, फक्त बोटांच्या आत बसत नाही. पुतळ्यापुढे फुलं ठेवायची तर ठेवा, दवाखाना खराच आहे. पण त्याआधी एकदा इकडे या, बाही वर करा आणि मनगट माझ्या बोटांत ठेवून बघा.

भिऊ नका. मी तर नुसता प्लास्टरचा आहे.